कार्डावर ‘ओ’ लिहिलंय, पण रक्त खरंच ‘ओ’ आहे का?

पाकिटात रक्तगटाचं कार्ड असेल तर जरा बाहेर काढा. ‘ओ’ लिहिलंय? मग आजचा भाग नीट ऐका.

गोष्ट १९५२ ची, मुंबईतली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण सापडले, ज्यांचा गट ‘ओ’ दिसायचा, पण ‘ओ’ रक्तही त्यांना जुळत नव्हतं. ‘द लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि जगाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ कळला. भारतात साधारण १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो.

आता हे चुकतं कुठे? शिबिरात काचपट्टीवर दोन थेंब टाकतात ना, ती झाली पेशींची तपासणी. पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणजे ‘ओ’. पण बॉम्बे गटात या दोघांचा पाया असलेला ‘एच’ही नसतो. काचपट्टीवर ते दिसतच नाही!

म्हणून उलटी तपासणी करायची. तुमचा प्लाझ्मा घ्यायचा आणि त्यात ओळखीच्या ए, बी आणि ‘ओ’ पेशी वेगवेगळ्या टाकायच्या. साध्या ‘ओ’ माणसाच्या प्लाझ्मात ‘ओ’ पेशी सुट्ट्या राहतात. बॉम्बेवाल्याच्या प्लाझ्मात मात्र त्यांचेही गोळे होतात, कारण त्यात एचविरुद्धच्या अँटीबॉडी असतात.

पण अँटीबॉडीच क्षीण असतील तर? पहिल्या चार-सहा महिन्यांच्या बाळात त्या स्वतःच्या नसतातच म्हटलं तरी चालेल. म्हाताऱ्या माणसांत कमी होतात. मग गोळे दिसत नाहीत. अशा वेळी तंत्रज्ञ घाई करत नाही. नळी १५ ते ३० मिनिटं तशीच ठेवतो, पुन्हा फिरवतो. तरी नाही, तर ४ अंश सेल्सिअसला ठेवतो. थंडीत या अँटीबॉडी जास्त जोरात चिकटतात. पण थंडीत नको त्या अँटीबॉडीही जाग्या होतात. म्हणून शेजारी ‘ओ’ पेशींची आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची नळी ठेवावीच लागते. तिथेही गोळे झाले, तर निकालावर विश्वास ठेवायचा नाही.

आपल्या पाथर्डीला याचं काय? ऊसतोडीला गेलेलं कुटुंब गावापासून शेकडो किलोमीटर लांब असतं. तिथे बाळंतपणात रक्त लागलं आणि कोणी म्हणालं, “कार्डावर ओ आहे, लावा!” तर? बॉम्बेवाल्याला ‘ओ’ रक्त दिलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून कार्ड ही फक्त खूण. रक्तपेढीत नमुना जुळवूनच पिशवी लावतात. त्याला वेळ लागतो, तेव्हा तिथे आरडाओरडा करू नका.

आणि घरात कोणी बॉम्बे गटाचं निघालं, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. प्रत्येकाचा तोच गट असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. वेळेला देणारा माणूस घरातच सापडू शकतो.

चला, भेटू पुढच्या भागात!