फोनचा कॅमेरा नेमके काय पाहतो? पुरावा जपणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे काही

एका गावात भीमजयंतीच्या मिरवणुकीवर रात्री दगडफेक झाली. तिथल्या मुलांनी धाडसाने व्हिडिओ काढले. आम्ही दोन दिवसांनी पोहोचलो तेव्हा जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता, पण सगळ्यांकडे ग्रुपवरून फिरून आलेली प्रत. ज्याने तो काढला त्याने फोनची मेमरी भरली म्हणून मूळ फाइल पुसून टाकली होती. उरलेल्या व्हिडिओत चेहऱ्यांच्या जागी नुसते धुरकट ठिपके दिसत होते.

त्या मुलांची चूक काढायची नाही. कॅमेरा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे, पण तो कसा चालतो हे आपल्याला कोणी सांगितलेलेच नाही.

नखाएवढा सेन्सर

लेन्समधून आलेला प्रकाश सेन्सरवर पडतो. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्याचा फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. बहुतेक चांगल्या फोनमध्येही तो साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा असतो. स्वस्त फोनमध्ये त्याहूनही लहान. सेन्सर लहान असला की प्रकाश कमी गोळा होतो. अंधारात फोटोवर दाणे येतात त्याचे मूळ इथे आहे.

म्हणून 'मेगापिक्सेल जास्त म्हणजे कॅमेरा चांगला' या जाहिरातीला भुलू नये. ४८ मेगापिक्सेलचा फोन बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, कारण सुटा पिक्सेल फारच थोडा प्रकाश पकडतो.

निम्मे काम सॉफ्टवेअरचे

सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशोब करून भरले जातात. 'नाइट मोड'मध्ये तर फोन एकामागून एक अनेक फोटो घेतो, ते जुळवतो आणि एक उजळ फोटो तयार करतो. स्थिर घर त्यात स्वच्छ दिसते, पण पळणारा माणूस पुसट होऊ शकतो.

व्हिडिओला ही सवलतही फारशी नसते. सेकंदाला ३० चित्रे घ्यायची तर एका चित्राला जास्तीत जास्त सेकंदाचा तिसावा भाग प्रकाश मिळतो. त्यामुळे रात्री व्हिडिओसोबत काही फोटोही काढावेत. बोटांनी झूम वाढवू नये. स्वतंत्र टेलिफोटो लेन्स नसेल तर झूम म्हणजे चित्र कापून मोठे करणे. सुरक्षित असेल तरच जवळ जावे.

'ब्यूटी' कोणाची?

अनेक फोनमधला ब्यूटी मोड त्वचा गुळगुळीत आणि उजळ करतो. सावळा रंग म्हणजे दुरुस्त करायची चूक, असे हे यंत्र आपल्याला न विचारता ठरवते. हे नवे नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची 'शर्ली कार्डे' गोऱ्या स्त्रीचा चेहरा प्रमाण मानून रंग जुळवत. गुगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत 'रिअल टोन' आणले, तेव्हा सावळ्या-काळ्या त्वचेवर कॅमेरे अन्याय करतात हे कंपन्यांनाही मान्य करावे लागले. आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो की हा मोड बंदच ठेवा. जखमेचा वळ किंवा चेहऱ्यावरची खूण गुळगुळीत होऊन गेली तर पुरावाच गेला.

मूळ फाइल म्हणजे साक्षीदार

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही नोंदलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

कायदाही मूळ यंत्राला महत्त्व देतो. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मालकाने मूळ उपकरण स्वतः न्यायालयात सादर केले तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दिली तर लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' नमूद करावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एक पिक्सेल बदलला तरी ठसा बदलतो.

त्यामुळे एवढे लक्षात ठेवा:

१. मूळ फाइल पुसू नका, कापू नका, तिच्यावर मजकूर किंवा गाणे टाकू नका. शेअर करायला वेगळी प्रत घ्या.

२. चुकून पुसली गेली तर गॅलरीतला 'ट्रॅश' लगेच पाहा. बऱ्याच फोनमध्ये ती साधारण ३० दिवस तिथे राहते.

३. आधी आजूबाजूचा परिसर, पाटी, घर दाखवा, मग जवळचे दृश्य घ्या. ठिकाण ओळखू आले पाहिजे.

४. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून विश्वासू व्यक्तीकडे ठेवा. फोन जप्त झाला तर पंचनाम्यात नोंद झाली का ते पाहा आणि पावती मागा.

५. पीडित स्त्री किंवा बालकाची ओळख कधीही पसरवू नका. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

२०१६ मध्ये उनाच्या मारहाणीचा व्हिडिओ हल्लेखोरांनीच दहशत बसवण्यासाठी पसरवला होता. त्याच व्हिडिओने देशभरचा समाज रस्त्यावर उतरला. कॅमेरा कोणाच्या बाजूचा नसतो. तो हाती धरणाऱ्याला काय कळते, यावर बरेच ठरते.

बुद्धांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. आपण जे डोळ्यांनी पाहिले ते न्यायालयालाही पाहता आले पाहिजे. तुमच्या विहारातल्या पुढच्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि प्रत्येकाचा फोन उघडून या सेटिंग तपासा.

जय भीम, नमो बुद्धाय.