रक्ताभिसरण आणि भाजीची पिशवी

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळले, की नसरापूर लागते. बनेश्वराच्या दर्शनाहून परतताना अनेक पुणेकर वाटेत ताजी भाजी घेतात. 'रक्तवाहिन्या मोकळ्या करणाऱ्या' चूर्णांवर पैसे घालवण्यापेक्षा ही पिशवी अधिक मोलाची. मात्र भाजी शिजवावी कशी, हेही ठाऊक हवे.

पालक, माठ, मुळा, बीट यांत नायट्रेट विपुल असते. जिभेवरील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. त्याच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैलावतात, वाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब किंचित उतरतो. रक्तवाहिन्यांना असा संदेश एखादा साधा वायू देतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नायट्रेट पाण्यात विरघळते. त्यामुळे भाजी उकडून, पिळून ते पाणी मोरीत ओतले, की बराचसा लाभही वाहून जातो. आपली डाळ घातलेली पातळ भाजी या दृष्टीने उत्तम. जंतुनाशक द्रवाने रोज चुळा भरण्याची हौसही आवरावी. जिभेवरचे उपयोगी जिवाणू त्याने मरतात.

लसणातील अॅलिसिन पाकळी ठेचल्यावरच तयार होते. ठेचून लगेच तापल्या तेलात टाकल्यास ते घडवणारे विकर नष्ट होते. म्हणून दहा मिनिटे थांबून मगच फोडणी द्यावी. जवस दळून खावे, अख्खे दाणे बहुधा न पचताच बाहेर पडतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी तंतुमय आहे. पांढऱ्या भाताला अधूनमधून तिच्या भाकरीची जोड द्यावी.

ताटाच्या डाव्या बाजूकडे मात्र जरा कठोरपणे पाहावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी असावे. लोणचे, पापड आणि वर फरसाण असेल, तर पालेभाजीने कमावलेले तिथेच गमावले जाते.

चालताना पोटरी दुखून थांबताच बरे वाटणे, एकाच पायाला सूज येणे, छातीत दाटणे, ही लक्षणे आहाराने सुधारण्याची वाट पाहू नये; डॉक्टरांना दाखवावे. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी एकाएकी वाढवू नये किंवा सोडूही नये, कारण तिच्यातील 'के' जीवनसत्त्व त्या गोळीच्या मात्रेचे गणित बिघडवते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही पोटॅशियममुळे आधी सल्ला घ्यावा.