जुन्या संगणकातील हार्ड डिस्क : क्षमता कमी दिसण्याची कारणे व उपाय

कार्यालयांनी व महाविद्यालयांनी वापरातून काढलेले संगणक दुरुस्त करून शाळांना दिले जातात. अशा संगणकावर मुलांना आरंभीचे पाठ देता येतात आणि जनरल रजिस्टर, हजेरी, निकालपत्रके व दाखले यांचे कामही उरकता येते. परंतु संगणक शाळेत आल्यावर थोड्याच दिवसांत एक शंका निघते. डिस्कवरील चिठ्ठीवर ५०० गीगाबाइट असे छापलेले असते आणि पडद्यावर मात्र ४६५ हा आकडा दिसतो. कोठे १६० च्या जागी १२७, तर कोठे ४० च्या जागी ३१ दिसतात. मग देणाऱ्याने फसविले असे एक जण म्हणतो, डिस्क नासली असे दुसरा म्हणतो, आणि तिसरा ती पुसून नव्याने फॉरमॅट करावयास बसतो. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत घातक होय. कारण त्याने आकडा बहुधा तसाच राहतो आणि वर्षभराच्या नोंदी मात्र जातात.

वास्तविक, कमी दिसणारा आकडाच दोष कोठे आहे हे सांगत असतो. म्हणून शिक्षकाने प्रथम दोन आकडे कागदावर टिपून घ्यावेत : एक चिठ्ठीवरील व दुसरा पडद्यावरील. त्यानंतर पुढील तीन कारणे क्रमाने तपासावीत.

पहिले कारण : मोजण्याची रीत

डिस्क तयार करणारे कारखाने हजाराच्या पटीने मोजतात. त्यांचा एक गीगाबाइट म्हणजे १,००,००,००,००० बाइट होत. विंडोज प्रणाली मात्र १०२४ च्या पटीने मोजते. तिचा एक गीगाबाइट १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा असतो. माप मोठे झाले की मापांची संख्या कमी भरते. धान्य तेच असले तरी लहान मापाने मोजले तर अधिक मापे होतात आणि मोठ्या मापाने मोजले तर कमी होतात, तसाच हा प्रकार आहे. या हिशेबाने ८० ची डिस्क ७४, १६० ची १४९, २५० ची २३२, ५०० ची ४६५ आणि १ टेराबाइटची ९३१ गीगाबाइट दिसते. चिठ्ठीवरील आकड्याला ०.९३ ने गुणून येणारे उत्तर पडद्यावरील आकड्याशी जुळले, तर डिस्कमध्ये कोणताही दोष नाही असे समजावे व तेथेच थांबावे.

दुसरे कारण : न आखलेला किंवा झाकलेला भाग

कित्येकदा डिस्क पुरती ओळखली गेलेली असते, परंतु तिचा काही भागच वापरासाठी आखलेला असतो. हे पाहण्यासाठी ‘माय कॉम्प्युटर’ या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘मॅनेज’ व त्यात ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे संपूर्ण डिस्क एका आडव्या पट्टीच्या रूपाने दिसते. ज्या तुकड्यावर ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेले असेल तो मोकळा पडलेला भाग होय. संगणक पूर्ववत करण्यासाठी राखून ठेवलेला एखादा लहान विभागही तेथे आढळतो. तो पुसू नये. पट्टीतील सर्व तुकड्यांची बेरीज पहिल्या कारणात सांगितलेल्या आकड्याइतकी आली, तर मोकळ्या भागावर नवा विभाग तयार केला की काम भागते.

तिसरे कारण : पत्त्याच्या आकड्यांची मर्यादा

वरील दोन्ही कारणे लागू पडत नसतील तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून जुन्या संगणकाच्या मोजण्याच्या शक्तीत असतो. हे समजण्यासाठी हजेरीपत्रकाचे उदाहरण घ्यावे. समजा, छापील हजेरीपत्रकात अनुक्रमांकासाठी दोनच चौकटी आहेत. अशा पत्रकात ९९ पर्यंतच मुले मावतील. शाळेत १०५ मुले असली तरी पुढच्या सहा जणांस त्यात स्थान नाही.

डिस्कवरील माहिती ५१२ बाइटांच्या कप्प्यांत साठविलेली असते व प्रत्येक कप्प्यास क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक लिहिण्यास २८ द्विमान अंक ठेवलेले होते. त्यांत २६,८४,३५,४५६ कप्पेच मोजता येतात. म्हणजे सुमारे १३७ गीगाबाइट. विंडोजच्या मापाने हा आकडा १२७ किंवा १२८ दिसतो. २००२ साली आलेल्या मानकाने ही अंकसंख्या ४८ केली. विंडोज एक्सपी प्रणालीस ही सोय त्याच वर्षीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून मिळाली.

याहून जुन्या संगणकांत आणखी खालच्या मर्यादा आढळतात : ५२८ मेगाबाइट, ८.४ गीगाबाइट आणि ३३.८ गीगाबाइट. यांतील शेवटची पडद्यावर सुमारे ३१ दिसते. काही संगणक तर अशी मोठी डिस्क जोडताच सुरू होताना अडून बसतात. त्यासाठी काही डिस्कच्या मागील बाजूस ‘जम्पर’ नावाची लहान खुंटी बसवून क्षमता मुद्दाम ३२ पर्यंत आवरलेली असते. पुढे डिस्क दुसऱ्या संगणकात जाते, पण खुंटी तशीच राहते. उलट टोकास २.२ टेराबाइटची मर्यादा आहे. ती विभागांच्या जुन्या तक्त्यामुळे येते. ३ टेराबाइटची डिस्क कधीकधी केवळ ७४६ गीगाबाइट दिसते.

खरा धोका

आकडा कमी दिसणे ही केवळ अडचण आहे. आकडा पूर्ण दिसत असूनही प्रणाली जुनी असणे हा धोका आहे. नव्या संगणकावर पूर्ण आखलेली २५० ची डिस्क सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीच्या संगणकात बसविली असे समजा. १३७ गीगाबाइट भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यापुढे मात्र, दोन चौकटींत १०५ लिहू पाहणाऱ्याने पहिला अंक गाळून ०५ लिहावे आणि पाचव्या मुलाची नोंद खोडली जावी, तसे घडते. नवी माहिती डिस्कच्या आरंभीच्या कप्प्यांवर लिहिली जाऊन जुन्या नोंदी नष्ट होण्याचा संभव असतो. एखाद्या मुलाची जन्मतारीख किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्याची नोंद अशा रीतीने गेली, तर तिची भरपाई कागदी रजिस्टर जपलेले असेल तरच होऊ शकते.

उपायांचा क्रम

१. सर्व नोंदींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी व प्रतीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. प्रत घेतल्यावाचून पुढील कोणतेही पाऊल टाकू नये.

२. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील ‘बायॉस’ हा आरंभीचा कार्यक्रम चालतो. त्याच्या पडद्यावर डिस्कचा आकडा पाहावा. तेथे तो पूर्ण व विंडोजमध्ये अपुरा असेल तर दोष प्रणालीत आहे. तेथेही अपुरा असेल तर बायॉसमध्ये किंवा जम्परमध्ये आहे.

३. जम्पर पाहावयाचा असल्यास संगणकाची वायर भिंतीतून काढावी व डिस्कवरील छापील आकृतीप्रमाणेच खुंटी बदलावी.

४. दोष प्रणालीत असल्यास योग्य सर्व्हिस पॅक घालावा. एक्सपीला मिळणारा आधार २०१४ साली संपला आहे. असा संगणक इंटरनेटला जोडू नये.

५. बायॉस बदलण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ते चालू असता वीज गेल्यास संगणक कायमचा बंद पडू शकतो. म्हणून भारनियमनाच्या वेळी ते हाती घेऊ नये.

६. यांपैकी काहीच शक्य नसेल तर मर्यादेच्या आतील लहान डिस्क बसवावी. शाळेच्या नोंदींना ८० गीगाबाइटही पुष्कळ होतात.

डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, किंवा आकडा दर वेळी निराळा दिसत असेल, तर मात्र ती खरोखरच निकामी होत आहे असे समजून प्रत घ्यावी व ती बदलावी.

प्रत्येक संगणकासाठी शाळेने वहीचे एक पान राखावे. त्यावर चिठ्ठीवरील आकडा, पडद्यावरील आकडा, केलेला उपाय व दिनांक यांची नोंद असावी. शिक्षक बदलून गेले तरी हे पान शाळेत राहते, आणि नव्याने येणाऱ्यास चांगली डिस्क टाकून देण्याचा किंवा भरलेली डिस्क पुसण्याचा प्रसंग येत नाही.