वाऱ्याचा अंदाज कसा वाचावा

पावसाचा अंदाज शेतकरी ज्या आस्थेनें पाहतो, त्या आस्थेनें वाऱ्याचा पाहत नाहीं. आमच्या गोराईच्या पश्चिमेस उघडा अरबी समुद्र व पूर्वेस खाडी. मध्यें घरें, शेतें आणि वाड्या. अशा गांवांत वाऱ्याची उपेक्षा म्हणजे हातचें पीक घालविणें होय. महसुली कारकून या नात्यानें वादळी नुकसानीचे पंचनामे मीं पुष्कळ लिहिले. परंतु हवामानाचें पत्रक वाचावें कसें, हें सेवानिवृत्तीनंतर स्वतःचा मांडव पडला तेव्हां समजलें.

त्या दिवशींच्या अंदाजांत "नैऋत्येचे वारे, वेग ताशीं ३० ते ४० किलोमीटर, झोत ६० पर्यंत" असें होतें. नैऋत्येचा वारा म्हणजे नैऋत्येकडे जाणारा, असा अर्थ करून मीं कारल्याच्या मांडवास ईशान्येकडून तणावे दिले आणि ४० चा आंकडा मनांत धरून स्वस्थ झोंपलों. सकाळीं मांडव ईशान्येकडेच आडवा झालेला दिसला!

यांत माझ्या दोन चुका झाल्या. पहिली दिशेची. वाऱ्यास नांव मिळतें तें तो जिकडून येतो त्या दिशेचें. म्हणून मुख्य तणावा त्याच बाजूस हवा. दुसरी चूक वेगाची. पत्रकांतील वेग ही कांहीं मिनिटांची सरासरी असते, झोत हा कांहीं क्षणांचा असतो. पण मांडव पडतो तो त्या क्षणांतच. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ४० चा वारा ६० झाला तर वेग दीडपट, पण दाब सव्वादोनपट होतो. यास्तव बांधणी नेहमीं झोताचा आंकडा पाहून करावी.

यंत्र नसलें तरी झाडें वेग सांगतात. पानें व बारीक डहाळ्या एकसारख्या हलूं लागल्या तर वेग ताशीं १२ ते १९ किलोमीटर. धूळ व कागद उडूं लागले तर २० ते २८. मोठ्या फांद्या हलून छत्री आवरेनाशी झाली तर ३९ ते ४९ समजावा. ही रीत फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्यानें १८०५ सालीं आंखलेल्या श्रेणीवरून आली आहे.

पावसाळ्याबाहेर किनाऱ्यावर पहाटे मतलई व दुपारीं खारे वारे वाहतात. म्हणून औषधाची फवारणी खारा वारा सुटण्यापूर्वीं, सकाळच्या शांत वेळीं उरकावी.

वादळ दूर आहे म्हणून निर्धास्त राहूं नये. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ मुंबईच्या जमिनीस न लागतां समुद्रांतून गुजराथेकडे गेलें. तरीही कुलाब्यास ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. तसेंच वळवाचे ढग बहुधा पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूनें येतात. १३ मे २०२४ रोजीं अशाच अवकाळी वादळांत घाटकोपरला जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून १७ माणसें दगावलीं. सबब मुख्य तणावा नैऋत्येस असला तरी इतर बाजू मोकळ्या सोडूं नयेत.

वेधशाळेंत वारा मोकळ्या जागीं, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात. समुद्राकाठची वाडी आणि झाडांच्या आडोशाची वाडी यांस तो आंकडा सारखाच लागू पडेल असें नाहीं. याकरितां प्रत्येकानें एक वही घालावी. तारीख, अंदाजांतील दिशा, वेग व झोत, आणि आपल्या बांधावर प्रत्यक्ष काय दिसलें, एवढे रकाने पुरेत. एका पावसाळ्यानंतर आपली वाडी अंदाजाच्या किती पुढें वा मागें असते, तें कळूं लागेल. मांडव पडल्यापासून माझी वही चालू आहे. पुढील मांडवाचे खांब व तणावे मीं तीवरूनच ठरविले.

पंचनाम्यांत पडलेल्या माडाची किंमत लिहितां येते. पण फळास येईपर्यंत त्यास घातलेल्या सहा-सात वर्षांच्या पाण्यासाठीं तेथें रकाना नसतो. तो हिशेब वारा सुटण्यापूर्वींच करावा, एवढीच विनंती.