कबुतराला शांती कोण देणार?

शांतीचे प्रतीक म्हणून आपण ज्याला आकाशात सोडतो, त्या पाखराकडे कवींनी मात्र वेगळ्याच नजरेने पाहिले आहे.

क्रीडा स्पर्धेचे उद्घाटन असो वा एखादा राष्ट्रीय सोहळा, प्रमुख पाहुण्यांच्या हाती पांढरे कबूतर दिले जाते. छायाचित्रकार पुढे सरसावतात, हात उंचावतात, टाळ्या वाजतात. कबूतर उडाले की शांतीचा संदेश पोहोचला, असे समजून मंडळी पुढच्या कार्यक्रमाकडे वळतात. त्या पाखराचे पुढे काय झाले, हे कुणी विचारीत नाही.

कवींनी मात्र हा प्रश्न वारंवार विचारला आहे. कवितेतले कबूतर शांतीचे चिन्ह आहे खरे, पण त्याच्या पंखांखाली बहुधा काहीतरी हरवलेले असते.

पुरानंतरचे पान

चोचीत ऑलिव्हचे पान धरलेले कबूतर बायबलमधून आले. महापूर ओसरू लागल्यावर नोहा ते नौकेतून सोडतो. पहिल्या खेपेस पाय टेकायला जागा न मिळाल्याने ते परत येते, दुसऱ्या खेपेस ऑलिव्हचे पान घेऊन येते आणि तिसऱ्या खेपेस परतच येत नाही. त्याहूनही जुन्या, मेसोपोटेमियातील ‘गिल्गमेश’ महाकाव्यातही जलप्रलयानंतर कबूतर सोडल्याची कथा आहे. ही शुभवार्ता येते तेव्हा नौकेबाहेरचे सारे जग बुडून गेलेले असते, हे मात्र आपण विसरतो.

आपल्याकडे तर कपोताच्या आगमनाने मनात धास्ती दाटत असे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एका सूक्तात तो निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, दूत म्हणून घरात येतो. त्याच्याकडून माणसांना नि गुरांना अपाय होऊ नये, अशी प्रार्थना तेथे आहे. ओसाड वाड्यात पारवे घुमतात, असे आपण आजही म्हणतो. बालकवींच्या ‘पारवा’ या कवितेतला पक्षीही पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर एकटाच बसलेला आहे. फुलांत नि झऱ्यांत रमणाऱ्या या कवीने मनातली खिन्नता सांगायला पारव्याची निवड केली. १९१८ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

रेशमी दोरा

इंग्रज कवी जॉन कीट्स याचा धाकटा भाऊ टॉम १ डिसेंबर १८१८ रोजी क्षयाने गेला. आजारपणात कीट्सनेच त्याची शुश्रूषा केली होती. त्यानंतर महिनाभरातच, अमेरिकेत असलेल्या दुसऱ्या भावाला धाडलेल्या पत्रात त्याने मेलेल्या कबुतरावरची एक छोटीशी कविता लिहिली. बोलणारा एखाद्या लहान मुलासारखा निरागस आहे. आपण एवढे लाड केले, तरी पाखरू कशाने झुरून मेले, हे त्याला कळत नाही. उत्तर त्याच्याच बोलण्यात आहे. पाखराचे पाय रेशमी दोऱ्याने बांधलेले होते आणि तो दोरा त्याने स्वतःच विणला होता.

प्रेमानेही कुणाचा जीव गुदमरू शकतो, हे ज्या दिवशी उमगते, त्या दिवशी बालपण संपते. आईवडिलांना नि मुलांना, दोघांनाही लागू पडावे असे हे सत्य कीट्सने एका पाखराच्या पायात बांधून ठेवले आहे.

वाट चुकलेले पाखरू

आज भित्तिपत्रकांवर दिसणारे शांतीचे कबूतर रूढ झाले ते पिकासोमुळे. १९४९ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक शांतता परिषदेसाठी कवी लुई आरागाँ यांनी पिकासोच्या चित्रांतून एका कबुतराची निवड केली. त्याच महिन्यात जन्मलेल्या मुलीचे नाव पिकासोने पालोमा ठेवले. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थच कबूतर!

पण पिकासोच्याच देशाचा कवी राफाएल आल्बेर्ती याला निराळे कबूतर दिसले होते. यादवी युद्धात प्रजासत्ताकाचा पराभव झाल्यावर १९३९ मध्ये त्याला स्पेन सोडावा लागला. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कवितेतले कबूतर प्रत्येक बाबतीत चुकते. त्याला दिशा कळत नाहीत, एक वस्तू पाहून ते दुसरीच समजते. कवितेत युद्धाचा उल्लेखही नाही. तरीही घर गमावलेल्या माणसांना ती आपलीच वाटली आणि गाणे होऊन ती स्पॅनिश भाषकांच्या ओठी बसली. आल्बेर्ती मायदेशी परतला तो १९७७ मध्ये, तब्बल अडतीस वर्षांनी.

तराजूचे पारडे

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उद्घाटनाला सोडलेली काही कबुतरे ज्योतीच्या कुंडावर जाऊन बसली. ज्योत पेटवली गेली आणि त्यांतली काही साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत होरपळली. शांतीच्या दूतालाच सोहळ्यात कुणी वाली उरला नव्हता.

अशा वेळी महाभारतातला शिबी राजा आठवतो. ससाण्याच्या भीतीने एक कपोत त्याच्या आश्रयाला येतो. ससाणा म्हणतो, “तू त्याला वाचवलेस, पण माझ्या भुकेचे काय?” राजा त्यालाही हाकलून देत नाही. कपोताच्या वजनाइतके स्वतःचे मांस द्यायला तो तयार होतो. मांस कापून घालावे, तरी कपोताचे पारडे जडच राहते. अखेर राजा स्वतःच तराजूत जाऊन बसतो. बौद्ध परंपरेनेही ही कथा आपली मानली. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात ती भिंतीवर रंगवलेली आहे.

या कथेत कबूतर कुणी आकाशात सोडत नाही. ते भेदरून माणसाजवळ येते आणि माणूस त्याला दूर लोटत नाही. पुढच्या सोहळ्यात टाळ्या वाजवण्यापूर्वी ते दुसरे पारडे क्षणभर आठवावे. त्यात बसायला आपल्यापैकी कितीजण तयार आहेत?