गल्ला सांभाळताना पाठही सांभाळा

दसरा-दिवाळी उलटली की अंबड तालुक्यातील अंकुशनगरचे रूप पालटते. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होतो आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्याला लागतात. कारखाना रात्रंदिवस चालतो. मग त्याच्या आसऱ्याने चालणारी हॉटेलेही रात्रंदिवस चालतात. पहाटे वजनकाट्यावर नंबर लावून आलेल्या गाडीवानाला गरम चहा हवा असतो, पाळी सुटलेल्या कामगाराला भजी हवी असतात, तर मुक्कामी ड्रायव्हरला रात्री उशिरा का होईना, भाकरी आणि रस्सा हवा असतो. या सर्वांची पोटे भरणारा हॉटेलमालक स्वतः मात्र कधी जेवतो, कधी झोपतो, याचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो.

हॉटेलचा धंदा हा शरीराची झीज करणारा धंदा आहे. तेव्हा योगासनांची खरी गरज कोणाला असेल तर ती हॉटेलवाल्यांना. परंतु वेळ नसतो तोही त्यांनाच! या अडचणीतून वाट काढता येते. तीच आज पाहू.

धंद्याचे शरीरावर होणारे परिणाम

आचारी भट्टीपुढे तासन् तास उभा असतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात व सैल होतात आणि पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. एका जागी नुसते उभे राहिले तर हे काम मंदावते. रक्त पायांत साचते, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्यांवर सूज येते. वर्षानुवर्षे असेच चालले तर पायांच्या शिरा फुगून निळसर गाठीगाठींच्या दिसू लागतात.

गल्ल्यावर बसणाऱ्याचे दुखणे वेगळे. वाकून बसल्याने कंबर आणि मान धरते. कणीक मळणारी व भाकऱ्या थापणारी बाई खांदे व मनगट चोळत असते. पाण्याची टाकी किंवा गॅसची टाकी झटक्याने उचलणाऱ्याची कंबर एखाद्या दिवशी जागीच लचकते.

जेवणाची तऱ्हा तर विचारूच नका. सकाळपासून पाच-सात कप चहा, मधूनच तोंडात टाकलेली दोन भजी, दुपारचे जेवण चार वाजता आणि रात्रीचे बारानंतर. जेवले की लगेच आडवे! भरल्या पोटी आडवे झाल्याने जठरातील आम्ल वर अन्ननलिकेत येते. छातीत जळजळ होते, पहाटे घशाशी आंबट येते. अपुरी झोप, तळलेले खाणे आणि तंबाखूची सवय यांची भर पडली की रक्तदाब व मधुमेह फार दूर राहत नाहीत.

एक तास मिळणार नाही, म्हणून सोडू नका

योग म्हटला की पहाटेची शांत वेळ, मोकळी हवा आणि तासभराची निवांत बैठक असे चित्र डोळ्यांपुढे येते. हॉटेलवाला ते चित्र पाहतो आणि आपल्याला हे जमणार नाही असे ठरवून मोकळा होतो. वास्तविक योगविद्येच्या आपल्याकडील जाणकारांनी ती प्रपंचातल्या माणसासाठीच सोपी करून दिली. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत योग संस्था काढली ती गृहस्थाश्रमी लोकांना डोळ्यांसमोर ठेवून. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना करून आसने व प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासण्यास सुरुवात केली. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी तर खुर्ची, भिंत, दोरी, पट्टा अशा साध्या वस्तूंचा आधार घेऊन अवघडलेल्या शरीराच्या माणसालाही आसने करता येतील अशी सोय केली. खुर्ची आणि भिंत कोणत्या हॉटेलात नसते?

तेव्हा एका तासाचा हट्ट सोडावा आणि दिवसाचे तीन तुकडे करावेत.

पहिला तुकडा : भट्टी पेटण्यापूर्वी पंधरा मिनिटे

सकाळी शौचमुखमार्जन झाल्यावर, चहा घेण्याआधी, ताडासन करावे. टाचा उचलून दोन्ही हात वर ताणावेत व सावकाश खाली यावे. असे दहा वेळा करावे. नंतर भिंतीला किंवा काउंटरला हात टेकून, कंबरेतून पुढे झुकून पाठ सरळ ताणावी. पाठीवर निजून पवनमुक्तासन आणि पोटावर निजून भुजंगासन, प्रत्येकी तीन वेळा. शेवटी पाच मिनिटे अनुलोम-विलोम, श्वास न रोखता. हे सर्व घरी किंवा मोकळ्या जागी करावे. धूर, तळणाचा वाफारा किंवा गॅसची भट्टी जवळ असताना प्राणायाम करू नये. शुद्ध हवेसाठी प्राणायाम करायचा आणि छातीत धूर भरायचा, याला अर्थ नाही.

दुसरा तुकडा : दुपारी, जेवणाआधी

दुपारची गर्दी तीनच्या सुमारास ओसरते. बहुतेकजण तेव्हा आधी जेवतात आणि मग आसने करता येत नाहीत म्हणून सोडून देतात, कारण पूर्ण जेवणानंतर आसनांना तीन-चार तासांचे अंतर हवे. यावर उपाय सोपा आहे. अकराच्या सुमारास एखादे केळे किंवा मूठभर फुटाणे खाऊन ठेवावेत. तीनला ताटावर बसण्यापूर्वी दहा मिनिटे सतरंजी टाकावी. पाठीवर निजून दोन्ही पाय भिंतीला लावून सरळ वर ठेवावेत. दिवसभर पायांत साचलेल्या रक्ताला उतार मिळतो आणि पाय हलके होतात. मग पाच मिनिटे शवासन. त्यानंतर जेवण शांतपणे, बसून करावे. जेवल्यावर पाच मिनिटे वज्रासनात बसता येते, मात्र गुडघे दुखत असतील तर बसू नये.

तिसरा तुकडा : दुकान बंद केल्यावर

रात्री हिशेब आणि उधारी डोक्यात घोळत असते. अंग थकलेले, पण झोप येत नाही. अशा वेळी अंथरुणावर बसून सात-आठ वेळा भ्रामरी करावी आणि नंतर श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा किंचित लांबवावा. रात्रीचे जेवण झोपेच्या आधी किमान दोन-तीन तास उरकावे. आठ वाजता भाकरी-भाजी खाऊन घेतली तर गिऱ्हाईक काही उपाशी जात नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सदा जागणाऱ्याला योग साधत नाही असेच सांगितले आहे. प्रौढ माणसाला रोज सात तास झोप हवी. रात्री ती पुरी होत नसेल तर दुपारी भर घालावी, पण चुकवू नये.

सर्वांत अवघड आसन

हॉटेलवाल्याला सर्वांत अवघड जाणारे आसन म्हणजे गल्ल्यावरून उठणे! अर्धा तास दुसऱ्याच्या हाती गल्ला द्यायचा, ही कल्पनाच पुष्कळांना सहन होत नाही. परंतु विचार करा. मालक आजारी पडून भर हंगामात पंधरा दिवस अंथरुणाला खिळला तर गल्ला कोण सांभाळणार? त्यापेक्षा रोज अर्धा तास भाऊ, मुलगा, पत्नी किंवा विश्वासू माणूस तयार केलेला बरा. घरची बाई स्वयंपाकघरात राबत असेल तर तिलाही हाच अर्धा तास मिळाला पाहिजे. कामावरच्या माणसांनाही आळीपाळीने बसू द्यावे. कायद्याने ठरवलेल्या संख्येएवढे किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेलात आठवड्याची सुट्टी देणे २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने बंधनकारकच आहे. लहान हॉटेलांनीही ती पाळली तर माणसे टिकतात.

दुसरी गोष्ट, आसने शिकण्यासाठी ऐन हंगामाचा मुहूर्त काढू नये. पावसाळ्यात कारखाना बंद असतो, गर्दी कमी असते. २१ जूनचा योग दिन, जो २०१५ पासून जगभर पाळला जातो, नेमका याच मोकळ्या काळात येतो. त्या सुमारास जाणत्या शिक्षकाकडून चार आसने नीट शिकून घ्यावीत आणि हंगामात तेवढीच टिकवावीत. नवे काही वाढवू नये. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे.

हे मात्र लक्षात ठेवा

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असलेल्यांनी तसेच गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कपालभाती, कुंभक किंवा डोके खाली करण्याची आसने करू नयेत. पाय भिंतीला लावण्यापूर्वीही त्यांनी विचारावे. चालू असलेली गोळी योगामुळे आपल्या मनाने बंद करू नये. एका पायाला एकाएकी सूज येऊन पोटरी दुखू लागली तर चोळत बसू नये, तपासून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत दुखणे. जळजळीची सवय झालेला हॉटेलवाला प्रत्येक दुखण्याला पित्त समजतो आणि सोडा पिऊन पुन्हा कामाला लागतो. छातीवर दडपण येणे, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम सुटणे, दम लागणे ही लक्षणे हृदयविकाराची असू शकतात. त्या वेळी आसनही नको आणि सोडाही नको. भट्टी तशीच सोडावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि अंबड किंवा जालन्याचे रुग्णालय गाठावे. गिऱ्हाईक थांबेल, हृदय थांबणार नाही.

उसाचा हंगाम चार-सहा महिन्यांचा असतो, शरीराचा हंगाम जन्मभराचा. शिर सलामत तर पगडी पचास, हे जुने लोक उगीच म्हणत नसत. उद्या पहाटे भट्टी पेटवण्यापूर्वी पंधरा मिनिटे आधी उठा आणि फक्त ताडासनाने सुरुवात करा. बाकीचे हळूहळू जमेल.