हात वर करण्याआधी

‘सरळ दिवाळखोरी जाहीर करून टाकतो, विषय संपला!’ कट्ट्यावर चहाचे पैसे द्यायची वेळ आली की हा डायलॉग ठरलेला. गंमत म्हणून ठीक आहे. पण तीन लोन ॲप्स, एक क्रेडिट कार्ड आणि हप्त्यावर घेतलेली बाइक, असं सगळं गळ्याशी आलेल्या मित्राने रात्री दोन वाजता हेच सिरीयसली विचारलं, तर त्याला काय सांगाल?

मुळात नुसतं ‘जाहीर’ करून काही होत नाही, कोर्टात अर्ज करावा लागतो. २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली खरी, पण तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीचा तिचा भाग अजून लागूच नाही. २०१९ पासून तो सुरू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. त्यामुळे आपल्या वाट्याला इंग्रजांच्या काळातलेच कायदे. मुंबईसाठी १९०९चा, अर्ज हायकोर्टात. पुणे, नाशिक, लातूरसाठी १९२०चा, अर्ज जिल्ह्याच्या कोर्टात. दोन्हीकडे शब्द एकच, ‘नादार’. आणि त्यासाठी किमान कर्ज किती हवं? ५०० रुपये!

इथपर्यंत वाचून सोपं वाटलं असेल, तर थांबा. नादार ठरलात की कोर्टाच्या परवानगीशिवाय सावकार तुमच्यामागे लागू शकत नाही, हा मोठा दिलासा. पण त्या बदल्यात तुमची मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते आणि ती विकून देणी भागवली जातात. १९०९च्या कायद्यात अवजारं, कपडे, अंथरूण, भांडी असं सगळं मिळून फक्त ३०० रुपयांपर्यंतचं तुमच्याकडे राहतं. आज तेवढ्यात एक बरा टी-शर्टही मुश्किलीने येतो. शिवाय कोर्टाकडून मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी केली, तरी तो गुन्हा. कॅन्टीनची वही आठवली ना? आमदार-खासदार होण्याचा रस्ताही तोवर बंद.

पण खरी गोम आहे ती घरात. एज्युकेशन लोनच्या कागदावर तुमच्या सहीशेजारी बहुतेकदा आईची किंवा बाबांची सही असते. तुम्ही कोर्टातून मोकळे झालात, तरी ते होत नाहीत. बँक त्यांच्या दारात जाणार. आणि उद्या नवी संहिता सगळ्यांना लागू झालीच, तरी तिच्यात शैक्षणिक कर्ज माफीच्या बाहेर ठेवलंय.

मला विचाराल तर पंचविशीच्या आत, नावावर काहीच नसताना हा मार्ग म्हणजे डास मारायला तोफ. कारण जी भीती आपल्याला कोर्टाकडे पळवते, तिच्यातली बरीचशी पोकळ असते. नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही (चेक बाउन्स झाला तर मात्र होऊ शकतो, तेवढं सांभाळा). कोर्टाने पगारावर जप्ती आणली तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. वसुलीवाल्यांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लोन ॲपने तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडायचीच नाही, हाही. ‘तुझ्या सगळ्या मित्रांना मेसेज जातील’ असं कुणी धमकावलं, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आधी बँकेला लेखी कळवा: हप्ता कमी करा, मुदत वाढवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. ‘सेटलमेंट’ची ऑफर आली तर हुरळून जाऊ नका. क्रेडिट रिपोर्टवर तो शब्द राहतो आणि पुढच्या कर्जाच्या वेळी बँक तो वाचते.

एवढं करूनही कोर्टाची पायरी चढायचीच असेल, तर वकिलाच्या फीसाठी आणखी एक ॲप डाउनलोड करू नका. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर तिथे वकील मोफत मिळतो. मुलींना तर उत्पन्नाची अटही नाही.